तुळईचं मेंडोलिन

नमस्कार.

बोलायला सुरुवात करण्याआधी हे वाद्य उलटं करून दाखवतो. ही मागची बाजू, आम्ही हिला पाठ म्हणतो. मध आणि हळद यांच्या मधला रंग आहे. आता मधल्या जोडाच्या डावीकडे बघा. बोटाच्या दोन पेरांएवढी काळसर रेघ दिसते? जोडाच्या उजवीकडे तशीच रेघ आहे, पण फिकट. हे मेंडोलिन हातात घेणाऱ्या बहुतेकांनी मला विचारलं की एवढं नेटकं काम करणाऱ्या माणसाने हा डाग का ठेवला. तो आमच्या माजघरातल्या पाळण्याच्या कडीचा डाग आहे. कडीचं लोखंड वर्षानुवर्षं लाकडात मुरलं आणि तिथे लाकूड काळं पडलं. त्या कडीला टांगलेल्या पाळण्यात माझे वडील झोपले, मी झोपलो, माझी धाकटी बहीण झोपली.

म्हणजे हे मेंडोलिन फणसाचं आहे. आमच्या घराच्या तुळईचं आहे.

आमचं घर सिंधुदुर्गात. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा परसातला आंबा माजघरावर कोसळला. कौलं गेली, वासे गेले, एक भिंत खचली. त्यातून सावरून काकांनी घर स्लॅबचं बांधायचं ठरवलं, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं, दर पावसाळ्यात कौलं चाळायला आता माणसं मिळत नाहीत. जुनं लाकूड मांगरात रचून ठेवलं होतं. गणपतीला गेलो तेव्हा त्या ढिगात ही तुळई दिसली. 12 इंच उंच, 8 इंच जाड, एका टोकाला वाळवीने थोडी खाल्लेली, बाकी दगडासारखी. कडी तशीच लटकत होती. मी काकांना विचारलं, ही मला द्याल का? घर सामायिक, त्यामुळे त्यांनी बाकीच्या चुलत्यांना फोन केले, आणि मग म्हणाले, "ने रे, पण कडी तेवढी काढून मला दे." ती कडी आज नव्या घराच्या स्लॅबला लावलेली आहे आणि तिच्यावर त्यांच्या नातवाचा पाळणा आहे.

तुळई मिळाली तेव्हा माझ्या डोक्यात मेंडोलिन नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. देव्हारा करावा असं बायकोचं मत होतं आणि तेही चांगलं मत होतं. पण मी चाळीस वर्षं मेंडोलिन वाजवतोय. सुरुवात रेडिओवरची गाणी ऐकून झाली. गाण्याच्या दोन ओळींच्या मधे ती थरथरणारी तार यायची, ती कशाची हे कळायलाच मला दोन वर्षं लागली. पुढे कळलं की मुंबईच्या सिनेसंगीतात या वाद्याचं केवढं मोठं घराणं होऊन गेलंय. सज्जाद हुसेन संगीतकार म्हणून थोर होतेच, पण मेंडोलिनवर राग वाजवायचे, आणि पडद्यांच्या वाद्यावर मींड काढायचे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायचे. किशोर देसाईंनी सरोद आणि मेंडोलिन दोन्ही हातात घेतली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मुळात मेंडोलिनवादक. गोव्यातून मुंबईत आलेल्या वादकांनी तर पाश्चात्त्य वाद्यांचा अख्खा कणाच उभा केला. या सगळ्यांचं ऐकून मी जे पहिलं मेंडोलिन विकत घेतलं ते प्लायचं होतं. दुकानदाराने सॉलिड लाकूड म्हणून सांगितलं होतं. आठ वर्षांनी घोडीखालची (घोडी म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो तुकडा) तबली, म्हणजे वरची फळी, खचली, मी ती उघडून बघितली, तेव्हा कडेला तीन थर दिसले. मला फार वाईट वाटलं होतं. पैसे गेले त्याचं कमी. आठ वर्षं ज्याला मी छातीशी धरून बसत होतो, ते नेमकं काय आहे हेच मला माहीत नव्हतं, याचं जास्त.

म्हणून या वेळी वाटलं, एक तरी वाद्य असं असावं की ज्यातला प्रत्येक तुकडा कुठून आला हे मला ठाऊक असेल.

आता फणसाबद्दल. कोकणातल्या माणसाला फणसाचं लाकूड नवं नाही. खांब, दारं, पाट, देव्हारे, सगळीकडे तेच. ताजं कापलं की लिंबासारखं पिवळंधमक असतं, उजेड लागत गेला की तपकिरी होत जातं. तो पिवळा रंग इतका पक्का की आग्नेय आशियात बौद्ध भिक्षूंची वस्त्रं फणसाच्या लाकडाच्या ढलप्या उकळून रंगवत असत. आणि वाद्यांच्या जगात तर हे लाकूड राजघराण्यातलं आहे. तंजावरची वीणा फणसाची. मृदंगाचं खोड फणसाचं. केरळातला चेंडा फणसाचा. कृष्णेच्या दक्षिणेला गेलात तर फणस हेच वाद्याचं लाकूड. मेंडोलिनवाल्यांच्या जगात मात्र "फणस" म्हटलं की लोक तुमच्याकडे बघत राहतात. तिथे वरची तबली स्प्रूस या थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडाची, पाठ आणि बाजू मेपलच्या, असा जणू शिरस्ता आहे.

हा शिरस्ता कुठून आला ते मी शोधलं, आणि शोधताना मला फार मजा आली. नेपल्समध्ये अठराव्या शतकात विनाचिया घराण्यातले कारागीर जी मेंडोलिनं करत, ती अर्ध्या भोपळ्यासारखी गोल पाठीची. पाठीला लाकडाच्या अरुंद फासळ्या एकमेकींना चिकटवलेल्या. उथळ पाठीचं, व्हायोलिनसारखं कोरून काढलेलं मेंडोलिन आलं ते अमेरिकेतून, मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावातून. ऑर्व्हिल गिब्सन नावाच्या माणसाने 1898 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आणि हा गिब्सन पाठीसाठी काय वापरायचा? अक्रोड. मेपल नाही. 1902 मध्ये त्याच्या नावाने कंपनी निघाली, त्या कंपनीने पुढे बर्चसुद्धा वापरलं. मग 1922 मध्ये लॉइड लोअर या तिथल्या माणसाच्या देखरेखीखाली एफ-5 हे मॉडेल निघालं. त्याला व्हायोलिनसारखी एफ आकाराची छिद्रं होती आणि व्हायोलिनसारखीच मेपलची पाठ. लोअर प्रत्येक वाद्याच्या आतल्या चिठ्ठीवर सही करायचा. 9 जुलै 1923 ची सही असलेलं एक मेंडोलिन पुढे बिल मन्रोच्या हाती लागलं, त्याने त्यावर ब्लूग्रास हे अमेरिकन लोकसंगीताच्या वळणाचं संगीत उभं केलं, आणि तेव्हापासून जगभरातले कारागीर त्या एका आवाजाच्या मागे धावतायत. धावावं असाच तो आवाज आहे, मीही धावलोय. पण लक्षात घ्या, हा नियम शंभर वर्षांचा आहे. आमची तुळई त्याहून जुनी असावी असं काका म्हणतात.

जिथे जे झाड, तिथे ते वाद्य. टास्मानियात कारागीर ब्लॅकवुड आणि किंग बिली पाइन वापरतात. हवाईत कोआ. मार्टिन कंपनीने 1920 च्या दशकात कोआची मेंडोलिनं काढली होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मर्टलवुड, रेडवुड. तिथल्या वादकाला त्यात काही अजब वाटत नाही. आणि दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. वाद्यांसाठी जी लाकडं नावाजली गेली, ती संपत चालली आहेत. ब्राझीलच्या रोजवुडचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1992 पासून जवळजवळ बंद आहे. 2017 मध्ये आपल्या शिसवीसकट त्या कुळातल्या सगळ्या झाडांवर परवान्याची अट आली, तयार वाद्यांना त्यातून सूट मिळायला 2019 चं वर्षअखेर उजाडलं. दुर्मिळ लाकडाचं वाद्य घेताना आपल्या आनंदासाठी एक झाड कमी होतंय हे मनात टोचतं. पडलेल्या घराच्या तुळईत ती टोचणी नाही, याचं मला फार समाधान आहे.

तर कारागीर. सावंतवाडीच्या बाजूला एका वाडीत राहतात. नाव सांगत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलंय, हातात आधीच चार वर्षांचं काम आहे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणेन. घराणं सुतारांचं. तरुणपणी गोव्यात राहून चर्चमधल्या वादकांची व्हायोलिनं आणि गिटार दुरुस्त करायला शिकले, आणि उघडलेली वाद्यं बघत बघत स्वतः करायला लागले. मी टेम्पोत तुळई घालून त्यांच्या अंगणात उतरवली तेव्हा त्यांनी आधी तिच्यावरून चुंबक फिरवलं. आत खिळा राहिला असेल तर करवतीचे दात जातात. तीन खिळे सापडले. ते काढता काढता मी त्यांना घराची, पाळण्याची गोष्ट सांगत होतो. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमका वाद्य होया की आठवण होयी?"

मी म्हटलं, दोन्ही.

"मगे पाठ फणसाची करतंय. तबली नाय."

इथे आमचा वाद झाला. मला अख्खं मेंडोलिन तुळईचं हवं होतं. मी वीणेचं उदाहरण दिलं, म्हटलं, तिची वरची फळीसुद्धा फणसाची असते, मग याचीच का नको? त्यांनी तोंडाने उत्तर दिलं नाही. आत गेले आणि दोन पट्ट्या घेऊन आले, एक फणसाची, एक युरोपातून आलेल्या स्प्रूसची. लांबी, रुंदी, जाडी सारखी. फणसाची पट्टी टोकापासून साधारण पाव अंतरावर दोन बोटांत लोंबती धरली आणि मधोमध बोटाच्या सांध्याने टकटक केली. टक्. खालच्या सुरातला, भरीव, पण लगेच विझणारा आवाज. मग स्प्रूसची पट्टी तशीच धरून वाजवली. टण्ण. तो आवाज अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेला असेल. मग माझ्या हातात दिल्या. स्प्रूसची पट्टी हातात आहे असं वाटतच नव्हतं.

कारण नंतर मी समजून घेतलं. स्प्रूस घनमीटरला 400 ते 450 किलोच्या आसपास भरतं, आणि तरी धाग्याच्या दिशेने त्यातून ध्वनी सेकंदाला 5 किलोमीटरहून जास्त वेगाने जातो. पोलादातला वेगही जवळपास एवढाच आहे. इतकं हलकं आणि इतकं ताठ लाकूड फार थोडं. मेंडोलिनला ते लागतं, कारण याची तार लहान, घोडीपासून खुंट्यांकडच्या पट्टीपर्यंत जेमतेम 14 इंच. लहान तारेत ताकद थोडी असते, आवाज लगेच मावळतो. म्हणून तारा जोडीजोडीने लावतात, चार जोड्या, आठ तारा, व्हायोलिनसारख्याच जी, डी, ए, ई. आठही तारा ताणल्या की सगळ्यांचा मिळून 70 ते 80 किलोचा ताण असतो. तेवढा ताण पेलायचा आणि तरी कागदासारखं थरथरायचं, हे काम तबलीचं. वीणेचं गणित निराळं, तिथे तार लांब, फळी मोठी, सूर रेंगाळणारा. मिस्त्रींनी हे सगळं दोन टकटकींत सांगितलं होतं. मी मान्य केलं, आणि आता वाटतं बरं झालं मान्य केलं.

मग वाट बघणं. चौदा महिने. हाताने केलेलं वाद्य घेण्यातला हा भाग लोक त्रासाचा मानतात, मला तो सगळ्यात आवडला. मी महिन्यातून एकदा तरी जायचो. एकदा गेलो तर तुळई कापून झालेली, फळ्यांची टोकं मेणाने बंद करून माळ्यावर ठेवलेली. मी विचारलं, शंभर वर्षं वाळलेलं लाकूड आणखी कशाला वाळवायचं? तर म्हणाले, मोठ्या लाकडाच्या पोटात वेगळं हवामान असतं, कापलं की ते जागं होतं, थोडं वळतं, त्याला वळून घेऊ दे. "घाय करू नकात."

पुढच्या खेपेला पाठ कोरत होते. दोन फळ्या मधोमध जोडलेल्या, आणि बाहेरच्या अंगाने फुगीर आकार येत होता. आधी पटाशी, मग अंगठ्याएवढे पितळी रंधे. भुसा इतका पिवळा की मिस्त्रींच्या कोपरापर्यंत हळद लावल्यासारखं दिसत होतं. तेव्हा पहिल्यांदा ती काळी रेघ वर आली. त्यांनी रंधा थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. ती अजून मिलिमीटरभर खोल होती, हवी तर काढता आली असती. मी नको म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि त्या दिवसापासून त्या रेघेच्या आसपास रंधा फार हळू चालवला.

बाजूंच्या पट्ट्यांनी मात्र घाम काढला. दोन मिलिमीटर जाडीची पट्टी ओली करून तापलेल्या लोखंडी नळीवर दाबत दाबत वळवायची असते. मेपल ऐकतं. फणसाचा धागा ठिकठिकाणी एकमेकांत गुंतलेला असतो, तो वळणावर उसवतो. पहिली पट्टी तडकली. दुसरीही तडकली, अगदी शेवटच्या वळणावर, काडी मोडावी तसा आवाज झाला. तुळईच्या चांगल्या भागातून आता आणखी दोनच पट्ट्या निघणार होत्या. त्या दिवशी त्यांनी काम बंद केलं, मला चहा दिला, आणि आम्ही पावसाबद्दल बोललो. आठवड्याने फोन आला, या. पट्ट्या आणखी तासून दोन मिलिमीटरच्या आत आणल्या होत्या, रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या, आणि बाहेरच्या अंगाला धरायला पत्र्याची पातळ पट्टी केली होती, धागा उसवू नये म्हणून. नळीवर लाकूड टेकलं आणि वाफ आली. उकडलेल्या आठळ्यांचा वास आला मला, खरंच सांगतो. अर्ध्या तासात एक बाजू वळली. दुसरी त्यांनी मला धरायला लावली. गरम लाकूड हाताखाली हळूहळू नमतं, एका क्षणी त्याचा विरोध संपतो आणि ते तिथेच राहतं. तो क्षण माझ्या तळव्याला अजून आठवतो.

बाकीचं भराभर सांगतो. बोटं फिरतात त्या पडद्यांच्या पट्टीला शिसवी, तीसुद्धा एका मोडलेल्या पलंगाची. तबली सरसाने चिकटवली, म्हणजे पुढे कधी उघडायची वेळ आली तर वाफेने सुटेल. वर लाखेचं पॉलिश, कापसाच्या बोळ्याने, कित्येक हात. पैसे किती झाले ते विचारू नका, आमच्या घरातही एकदाच सांगितलंय.

आता एका अवघड मुद्द्याकडे येतो, कारण तो टाळला तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही. पाठीच्या लाकडाने आवाज खरंच किती बदलतो? स्पेनमधला मोठा गिटार कारागीर अँतोनियो दे तोर्रेस याने 1862 मध्ये एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या. आवाज तबलीतून येतो हे त्याला दाखवायचं होतं. आणि 2018 मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सहा गिटार करून घेतल्या, सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं. 52 गिटारवादकांना वेल्डिंगचे काळे चष्मे लावून त्या वाजवायला दिल्या. वादकांनी सगळ्या गिटारांना जवळपास सारखेच गुण दिले. महागडं रोजवुड आणि साधं लाकूड, फारसा फरक नाही.

हा अभ्यास मी वाचला तेव्हा मेंडोलिन अर्धं झालं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मग माझा आनंद खोटा का? नंतर बरेच दिवस विचार केला आणि मला जे वाटलं ते सांगतो. फणसामुळे माझं मेंडोलिन मेपलपेक्षा चांगलं वाजेल असा माझा दावा कधी नव्हताच. मेंडोलिन वादनाचं शिखर ज्यांनी गाठलं त्या यू. श्रीनिवास यांनी तर पोकळ पेटीच सोडून दिली होती. भरीव इलेक्ट्रिक मेंडोलिन, जोड्यांऐवजी पाच एकेरी तारा, आणि त्यावर अख्खं कर्नाटक संगीत. 2014 मध्ये ते गेले तेव्हा अवघे 45 वर्षांचे होते. पोकळ पेटीशिवाय इतकं होऊ शकतं हे ज्याने त्यांना ऐकलंय तो विसरणार नाही. पण चष्मे लावून ऐकणारा माणूस दहा मिनिटं ऐकतो. मी याच्याबरोबर रोज दोन तास बसणार आहे, डोळे उघडे ठेवून, पोटाशी धरून. वाजवताना पाठीची थरथर पोटाला कळते. त्या थरथरीला मी ओळखतो, ती कुठल्या खोलीतली आहे मला माहीत आहे. हे ज्ञान आवाजात मोजता येत नसेल, पण माझ्या हातात ते आहे, आणि हात तसा वाजवतो.

2023 च्या दिवाळीनंतर मिस्त्रींचा फोन आला. गेलो. मेंडोलिन कापडात गुंडाळलेलं होतं. तारा लावलेल्या, सुरात नव्हत्या. तो मान त्यांनी माझ्यासाठी ठेवला होता. मी एकेक जोडी जुळवत गेलो. जीची जोडी जुळली आणि मी दोन्ही तारा एकदम छेडल्या, तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही की आवाज येतोय पण घट्ट आहे, नव्या चपलेसारखा. दुसरी गोष्ट, वरची ई कानात टोचत नव्हती. माझ्या आधीच्या दोन्ही मेंडोलिनांची टोचायची. तिसरी, मध्य सप्तकात, ए आणि डीच्या तारांवर, एक गोलाई होती, गायकाने "आ" लावताना जबडा मोकळा सोडावा तशी. मी सावकाश भूप वाजवला. पाच सूर, काही लपवायला जागा नाही. सा रे ग, प ध. पंचमावर थांबलो आणि बाकीच्या तारा आपोआप गुणगुणत राहिल्या. मिस्त्री पायरीवर बसून विडी ओढत होते. वाजवून झाल्यावर म्हणाले, सहा महिने रोज वाजवा, मग सांगा.

घरी आणलं तेव्हा आईने पाठ बघितली. तिची नजर आता अधू आहे. अंगठा फिरवत फिरवत तिला ती रेघ सापडली नाही, कारण पॉलिशखाली काही लागत नाही, तेव्हा मी तिचा अंगठा धरून तिथे ठेवला.

सहा महिने झाले, वर्ष झालं, दुसरं झालं. खरंच सैल झालं हे. त्याला शास्त्रज्ञ काय म्हणतील मला माहीत आहे, कान बदलले असतील म्हणतील, तेही खरं असेल. पण पहिला पावसाळा मात्र कठीण गेला. कोकणात जुलैमध्ये हवेत इतका ओलावा की लाकूड फुगतं, तबली वर येते, तारा पट्टीपासून उंच होतात आणि डाव्या हाताची बोटं दुखायला लागतात. तबली फुगली, पण पाठ आणि बाजू जागच्या हलल्या नाहीत. शंभर पावसाळे बघितलेलं लाकूड आहे ते. घोडीचे स्क्रू थोडे खाली घेतले आणि कपाटात झिरोचा बल्ब लावला, जसा आपण कॅमेऱ्यासाठी किंवा जुन्या पुस्तकांसाठी लावतो. रात्री कपाटाच्या फटीतून उजेड येतो. दिवसा बाहेर काढलं की पाठ कोमट असते.

मला दिलेला वेळ संपत आलाय. भूप आणि थोडं सिनेसंगीत शेवटी वाजवणार आहे, पण त्याआधी एक काम आहे. हे वाद्य कपाटात ठेवलं तर पुन्हा घट्ट होतं असं मिस्त्री म्हणतात, त्याला जास्तीत जास्त हात लागले पाहिजेत. मघापासून पुढच्या रांगेतली ही मुलगी डाव्या हाताची बोटं मांडीवर दाबतेय, मी बघतोय. व्हायोलिन शिकतेस ना? मग सूर तेच आहेत, जागा त्याच आहेत, फक्त पडदे आहेत, त्यामुळे सोपं जाईल. ये वर. असं धर, पाठ पोटाला टेकू दे. ही घे नखी. आधी सगळ्यात जाड जोडी वाजव, दोन्ही तारा एकदम.